पोरगं म्हणालं ‘जगावंसं वाटत नाही’, तर आधी काय करायचं

कोल्हापुरात मी मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर आहे. आमच्याकडं अकरावी-बारावीची पोरं असतात. चंदगड, आजरा, भुदरगड, राधानगरी, गगनबावडा अशा लांबच्या तालुक्यांतून आलेली, बहुतेकांनी पहिल्यांदाच घर सोडलेलं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. दुसऱ्याची लेकरं आपली म्हणून सांभाळायची या गावाला तेव्हापासूनची सवय आहे. ताप आला तर काय करायचं, फी थकली तर कुणाला भेटायचं, हे आम्हा रेक्टर लोकांना पाठ असतं. पण एखादं पोरगं "सर, मला जगायचंच नाही" म्हणालं की भली भली माणसं गडबडतात. आणि गडबडलेला माणूस लगेच समजावायला बसतो.

माझं सगळं म्हणणं इथंच आहे. समजावू नका, निदान पहिल्या तासाभरात तरी नको. विचारा, ऐका, जवळ थांबा आणि डॉक्टरांपर्यंत न्या.

समजावण्यात माया असते हे मला मान्य आहे. "आई-बापानं तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या", "एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास", "गावात तोंड दाखवायला जागा राहील का आम्हाला". पण समोरच्या पोराच्या मनात बहुतेकदा आधीच घर करून बसलेलं असतं की आपण घरावर ओझं झालोय. त्याला आई-बापाच्या खस्तांची आठवण करून दिली की ते ओझं कमी होत नाही, वाढतं. मग तो मान डोलावतो, "होय सर, चुकलं" म्हणतो आणि गप्प होतो. आपल्याला वाटतं पटलं त्याला. खरं तर पुढच्या वेळी तो आपल्याला सांगणार नसतो.

कळणार कसं

पोरं सरळ येऊन सांगत नाहीत, विशेषतः मुलगे. इथं तालमीची, पेठेच्या फुटबॉलची हवा. रडणारं पोरगं दिसलं की "काय बायकांसारखा" म्हणणारे चार जण लगेच निघतात. त्यामुळं दुःख रागाच्या रूपात बाहेर येतं. कालपर्यंत हसतखेळत असलेला पोरगा खोलीतल्या मित्रांच्या अंगावर धावून जातो, दार आपटतो, शिव्या देतो. त्याला "माजलाय" म्हणण्याआधी दोन मिनिटं थांबा.

आमच्याकडं पहिली खबर बहुतेकदा मेसमधल्या आक्कांकडून येते. कोण ताटात अन्न टाकतोय, कोण जेवायलाच येत नाही, हे त्यांना माझ्या आधी कळतं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या दिवशीसुद्धा जो पोरगा खोलीतच पडून राहतो, त्याच्या खोलीत मी त्याच रात्री जाऊन बसतो. वॉचमनमामांना विचारलं तर रात्री दोन-तीनला व्हरांड्यात कोण येरझाऱ्या घालतो ते कळतं. घरी आज्जी, वहिनी, शेजारची काकू यांच्या नजरेला अशा गोष्टी पडतात, त्यांचं ऐका.

याशिवाय लक्ष ठेवायच्या खुणा अशा. जीव की प्राण असलेली बॅट, घड्याळ, बूट कुणाला तरी देऊन टाकणं. "मी नसलो तर बरंच होईल", "आता काय फार दिवस नाही" असली वाक्यं, चेष्टेत म्हटलेली असली तरी. मोबाईलवर मरणाबद्दलचे स्टेटस. भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण हातावर वळ किंवा जखमा असू शकतात. स्वतःला जखमा करून घेणाऱ्या प्रत्येक पोराला मरायचंच असतं असं नाही, पण विचारायलाच हवं. आणि एक खूण हमखास नजरेतून सुटते. आठवडेच्या आठवडे खचलेलं पोरगं एकाएकी शांत, हलकं, जवळजवळ आनंदी दिसायला लागतं. घरचे सुटकेचा श्वास टाकतात. अशा वेळी शेजारी बसून विचारा, कारण कधी कधी ती शांतता काहीतरी ठरवून टाकल्याची असते.

परीक्षेपुरतंच बघू नका. निकालाच्या आठवड्यात सगळे सावध असतात, ते चांगलंच आहे. पण एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाच्या, २०२१ च्या अहवालात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या आत्महत्यांची मुख्य कारणं म्हणून कौटुंबिक प्रश्न, प्रेमप्रकरणं आणि आजारपण यांची नोंद आहे. परीक्षेतलं अपयश त्यांच्या खाली येतं. त्यातही पोलिसांच्या कागदावर एकच कारण लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात झोप उडालेली असते, घरात भांडण असतं, कुणीतरी वर्गात जातीवरून किंवा चालण्या-बोलण्यावरून टोचत असतं, त्यात एखादा पेपर अवघड जातो.

विचारायचं कसं

थेट विचारायचं. "तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?" एवढं साधं. विचारलं तर डोक्यात नसलेला विचार आपणच घालू, ही भीती सगळ्यांना असते. ती खरी नाही. विचारल्यानं आत्महत्येचा विचार पेरला जात नाही, हे संशोधनातून वारंवार दिसलं आहे. उलट कुणीतरी तो शब्द न घाबरता उच्चारला म्हणून पोरांना मोकळं वाटतं. "तसलं काही वेडंवाकडं नाही ना रे मनात?" असं मात्र विचारू नका. त्या प्रश्नातच "नाही म्हण" असं सांगितलेलं असतं, आणि पोरगं नाही म्हणतं.

समोरासमोर खुर्च्या टाकून, ऑफिसात बोलावून विचारलं की चौकशी लागल्यासारखं वाटतं. शेजारी बसून किंवा चालता चालता विचारलं तर पोरं जास्त बोलतात, कारण डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. मी बहुतेकदा जेवणानंतर त्याला घेऊन मैदानाला फेऱ्या मारतो. फोन खिशात, बंद.

"होय" म्हणाला तर लगेच पुढचं काही सांगू नका. "बरं झालं मला सांगितलंस. कधीपासून वाटतंय असं?" इतकंच. मग गप्प राहा. गप्प राहणं अवघड जातं, आपल्या तोंडाशी उपाय आलेले असतात. ते गिळा. तो म्हणेल, "लई कटाळा आलाय सर, काय बी नको वाटतंय." तुम्ही म्हणा, "काय बी नको वाटतंय. सांग अजून." त्याचं प्रेमप्रकरण असेल, तर ते वय प्रेमाचं आहे की अभ्यासाचं हा विषय आज नाही.

ऐकून झालं की आणखी तीन गोष्टी विचारायच्या, आवाज न चढवता. काय करायचं ते ठरवलंयस का? त्यासाठी काही जवळ आणून ठेवलंयस का? याआधी कधी स्वतःला काही केलं होतंस का? "अधूनमधून मरावंसं वाटतं" आणि "आज रात्रीचं ठरवलंय" यात फार फरक आहे, आणि पुढं किती घाई करायची ते त्यावर ठरतं. पहिल्या प्रकारात एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठायचे. दुसऱ्या प्रकारात त्याच क्षणापासून त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच रात्री दवाखान्यात न्यायचं.

"कुणाला सांगणार नाही, शपथ" असं वचन देऊ नका. मी म्हणतो, "सगळ्या गावाला सांगणार नाही. पण तुला जिवंत ठेवण्यासाठी ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगणार, आणि कुणाला सांगतोय ते आधी तुला कळवणार." हे चालतं. पोरं चिडतात, पण विश्वास राहतो. तसंच त्याच्याकडूनही आईची, अंबाबाईची शपथ घेऊ नका. शपथेनं विचार थांबत नाहीत. ती मोडेल या भीतीनं तो पुढं बोलायचा थांबतो, एवढंच होतं.

ती रात्र

विचारांचा सगळ्यात जोराचा भर बहुतेकदा काही मिनिटांचा, काही तासांचा असतो. तो ओसरेपर्यंत माणूस जवळ हवा आणि धोक्याची वस्तू लांब हवी. या दोन गोष्टींनी जीव वाचतात.

माणूस म्हणजे जागा माणूस. मी खोलीत दुसरी गादी टाकतो. मित्रांवर ही जबाबदारी टाकू नका, ती पण सतरा वर्षांचीच पोरं आहेत. घरी असाल तर वडील, मामा, मोठा भाऊ, वहिनी यांनी पाळ्या लावून घ्या. एकट्या आईनं चार रात्री जागायचं, असं करू नका. संडास-बाथरूमची कडी आतून लावायची नाही, हे त्याला सांगून करा, चोरून नको.

वस्तूंबाबत: आपल्याकडं घरोघरी ऊस, भाजीपाल्याचे चार वाफे असतात, आणि फवारणीची औषधं गोठ्यात नाहीतर माडीवर ठेवलेली असतात. ती घरातूनच हलवा. भावकीतल्या कुणाच्या तरी कुलपात ठेवा, किल्ली पोराला माहीत नसलेल्या माणसाकडं. आज्जीच्या, बाबांच्या गोळ्या सुद्धा कुलपात, आणि रोजच्या रोज मोजून द्यायच्या. काय काय काढून ठेवलंय याची यादी पोरासमोर वाचत बसू नका. फक्त म्हणा, "थोडे दिवस घर तुझ्यासाठी सुरक्षित करतोय." "त्याला करायचंच असेल तर कुठूनही करेल" असं म्हणून काही लोक हे काम टाळतात. तसं होत नाही. हाताशी असलेली वस्तू लांब गेली की बहुतेक वेळा तो क्षणही टळतो.

त्यानं स्वतःला काही करून घेतलंय असा नुसता संशय आला, तरी १०८ ला फोन लावा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा. तो बोलतोय, चालतोय, "काय झालं नाही मला" म्हणतोय यावर जाऊ नका. मीठपाणी पाजून ओकारी काढणं असले घरगुती उपाय करू नका. आणि डॉक्टरांना खरं सांगा. "चुकून झालं" असं सांगितलं तर उपचार चुकतात.

पोलीस केसच्या भीतीनं माणसं खरं लपवतात. दवाखाना नोंद करतो, पोलीस येऊन विचारपूसही करतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम ठेवलेलंच नाही. तेव्हा पोराचं करिअर बुडेल म्हणून उपचार लांबवू नका.

कुणाला गाठायचं

१४४१६. हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनचा क्रमांक. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठी निवडता येतं. पोरानंच फोन करायला हवा असं नाही. रात्री एक वाजता पोरगं शेजारी रडतंय आणि तुम्हाला सुचत नाहीये, तर तुम्ही फोन करा, ते तुम्हाला सांगतील. मारहाण, छळ किंवा घरात धोका असेल तर अठरा वर्षांखालच्यांसाठी १०९८. तातडीचा धोका असेल तर ११२.

कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे दसरा चौकाजवळच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. ओपीडी सकाळची, केसपेपर काढायचा आणि नंबर लावायचा. रात्री-अपरात्री थेट अपघात विभाग. गर्दी असते, बाकड्यावर बसावं लागतं, तेवढ्या वेळात पोरगं "चला सर, बरं वाटतंय आता" म्हणतं. उठू नका. पाणी, बिस्किटं बरोबर न्या आणि थांबा. खाजगी मानसोपचारतज्ज्ञ परवडत असतील तर तेही चालतील. लवकर जिथं दाखवता येईल तिथं न्या.

वडिलांना फोन करताना मी पोराला शेजारी बसवतो. "अण्णा, बाळाची तब्येत बरी नाही. मनाचा त्रास आहे, जिवाला धोका वाटावा इतका. मी सोबत आहे. तुम्ही या, गाडी सावकाश चालवा, आणि आल्या आल्या काही विचारू नका, आधी जवळ घ्या." बहुतेक बाप येतात आणि खरंच नुसतं जवळ घेतात. एखाद्याला राग आवरत नाही. त्याला बाहेर चहाला न्यायला दुसरा माणूस तयार ठेवा. आणि पोरानं घरातल्याच कुणाच्या मारहाणीबद्दल किंवा अंगाशी केलेल्या वाईट चाळ्यांबद्दल सांगितलं, तर त्या घरी त्याला पाठवायचं नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. घराण्याची अब्रू इथं आड येऊ देऊ नका.

जोतिबाला जायचं असेल तर जा, अंबाबाईची ओटी भरा, आज्जीनं मीठ-मोहरी ओवाळली तर ओवाळू द्या. पोराला त्यातली माया कळते. डॉक्टरांची तारीख मात्र चुकवायची नाही, आणि "बाहेरचं झालंय" म्हणून कुणी मारझोड किंवा उपास सांगत असेल तर तिथून पोराला उचलून आणा.

वहीतलं एक पान

डॉक्टर किंवा समुपदेशक बहुधा हे करून घेतात. नसेल केलं तर त्यांना विचारून करा. पोरगं जरा सावरलेलं असताना त्याच्या हातानं एका पानावर लिहून घ्यायचं की पुन्हा तसं वाटायला लागलं तर कोणत्या क्रमानं काय करायचं. शब्द त्याचेच हवेत. आपण सुचवलेलं छान मराठी तिथं उपयोगाचं नाही.

आधी, सुरुवात होतेय हे मला कसं कळतं: "रात्री अकरानंतर वर्गाच्या ग्रुपवर मार्क बघत बसलो की", "छातीत धडधडतं आणि आंघोळ नको वाटते". मग, मी एकट्यानं काय करू शकतो: "थंड पाण्यानं तोंड धुणे", "दंड मारणे", "कानात गाणी घालून व्हरांड्यात बसणे". मग, कुठं जाऊन बसू, जिथं माणसं असतात: "मेसमध्ये आक्कांजवळ", "मैदानावर". मग, कुणाला सांगू: मामा, मोठी ताई, रेक्टर, प्रत्येकाचा फोन नंबर समोर लिहून. मग डॉक्टर, १४४१६ आणि सीपीआर. शेवटी, घर आणि खोली सुरक्षित ठेवायचं काम कुणाकडं आहे त्याचं नाव. या पानाचा फोटो त्याच्या फोनमध्ये, आईच्या फोनमध्ये आणि माझ्या फोनमध्ये असतो. ज्यांची नावं लिहिली त्यांना तसं सांगायचं, नाहीतर रात्री दोनला मामा फोनच उचलत नाही.

दवाखान्यातून आल्यावर

घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात, आणि नेमके तेव्हाच सगळे "झालं एकदाचं" म्हणून सैल पडतात. गोळ्या सुरू झाल्या असतील तर त्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. या वयात सुरुवातीच्या दिवसांत किंवा डोस बदलल्यावर काही पोरांची तगमग वाढते, झोप उडते, विचार जास्त यायला लागतात. तसं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मनानं गोळी बंद करू नका. बरं वाटायला लागलं म्हणून तर अजिबात नको.

कॉलेजात परत पाठवताना वर्गशिक्षकांशी आधी बोला. सगळं सांगायची गरज नाही. "आजारी होता, महिनाभर सवलत द्या" पुरे. नातेवाइकांना काय सांगायचं ते पोरालाच विचारा आणि तेवढंच सांगा. त्याच्यावर चोवीस तास नजर रोखून बसू नका, पण आठवड्यातून एकदा तरी तोच थेट प्रश्न पुन्हा विचारा. "ते विचार आलेत का या आठवड्यात?" जेवण, झोप, रोजचं थोडं खेळणं रुळावर आणायचं, अभ्यास त्यानंतर.

मित्रांसाठीही सांगतो, कारण पोरं आधी मित्रालाच सांगतात. "भावा, कुणाला बोलू नको" असं कुणी तुम्हाला म्हणालं, तर हे एक गुपित ठेवायचं नसतं. तो चार दिवस बोलणार नाही तुमच्याशी, चालेल. त्याच्याजवळ थांबा आणि ज्या मोठ्या माणसावर तुमचा विश्वास आहे त्याला त्याच वेळी फोन करा. पहिल्या माणसानं उडवून लावलं तर दुसऱ्याला सांगा.

पालकांनी जूनमध्ये प्रवेश घेताना मेसचा दर आणि खोलीतले पंखे बघून झाले की एक विचारावं: इथं समुपदेशक कोण आहे? सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी पात्र समुपदेशक नेमायचा आहे, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं आहे. रेक्टरला, प्राचार्यांना नाव आणि भेटायची वेळ विचारा, ती पोरासमोर विचारा, आणि तो नंबर त्याच्या फोनमध्ये तिथंच घालून घ्या.